दिवसाउजेडी निरोप

निकम बाई केंद्रात यायच्या त्या भाजीची पिशवी घेऊन. मेथी, गवार, वालाच्या शेंगा, हिवाळ्यात मटार, बाजारात जे स्वस्त दिसेल ते. गुरुवारी पालकांची बैठक असायची. आया सतरंजीवर टेकल्या की बाई मधोमध जुनं वर्तमानपत्र पसरायच्या, त्यावर पिशवी उपडी करायच्या आणि म्हणायच्या, "चला, हात चालू द्या." घरी पोराने बोलणं सोडलंय, नवरा पिऊन पडलाय, सासू म्हणते बाहेरची बाधा आहे, असली ओझी घेऊन आलेल्या बाया मुकाट्याने मेथी निवडायला लागायच्या.

मी नवी होते तेव्हा हा प्रकार बघून मला संताप आला होता. म्हटलं, ही बाई घरची भाजी फुकटात निवडून घेते आणि त्याला पालकत्वाचा कार्यक्रम म्हणते. आणि घेतच होत्या की. निवडलेली भाजी संध्याकाळी त्यांच्याच पिशवीतून त्यांच्याच घरी जायची. माझं तोंड पहिल्यापासून फटकळ, एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग काय टाकून देऊ?" मी फुगून बसलेय असं बघून थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं, समोर बसवून 'बोला' म्हटलं की माणसाच्या तोंडाला कुलूप लागतं. मान खाली असली, हात कामात असले की बोलणं येतं. तू तुझ्या आईशी कुठे बोलतेस? ओट्यापाशीच ना?" मीही मटार सोलायला बसले.

आमचं केंद्र म्हणजे नाशकातल्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. एकीत पालकांच्या बैठका, दुसरीत दर गुरुवारी लहान मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ येऊन बसायचे. नाशिक रोडच्या वस्त्यांतून माणसं यायची, तशी हरसूलकडच्या पाड्यांवरूनही यायची. न झोपणारी, न बोलणारी, अंथरूण ओलं करणारी, शाळेत चक्कर येऊन पडणारी मुलं आणि त्यांना घेऊन दहा दारं फिरून थकलेले आईबाप. बाई तिथल्या सगळ्यांत जुन्या. समाजकार्याचं रीतसर शिक्षण झालेल्या, वाचन दांडगं, डॉक्टरांशी औषधांवरून वाद घालण्याइतक्या जाणकार. पण "समुपदेशन" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्या "बसणं" म्हणायच्या. "आज तिच्याशी बसले", "उद्या त्याच्याशी बसायचंय", असं.

बाई मूळच्या सटाण्याकडच्या. बोलणं शहरी, पण डोकं फिरलं की अहिराणी बाहेर यायची. आणि ते फिरायचं आमच्यावर, डॉक्टरांवर, शिपायावर. आईबापांवर कधीच नाही. एकदा डॉक्टर एका आईला जरा चढ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही मुलाला इतके दिवस घरी ठेवायला नको होतं." ती बाई बाहेर गेल्यावर निकम बाई आत शिरल्या. "तिले माहित शे, डॉक्टर. तेवढं ऐकायला ती पहाटेची एसटी धरून आलेली नाही." डॉक्टर चांगले होते, त्यांनी मान हलवली आणि पुढच्या माणसाला आत पाठवा म्हणाले. हरसूलच्या लोकांना रांगेत पुढे घ्यायचं, कारण त्यांची शेवटची गाडी चुकते, यावरून तर त्या दर गुरुवारी शिपायाशी भांडायच्या. शिपाई आम्हाला म्हणायचा, "बाईंचं पोट भांडल्याशिवाय भरत नाही." तरी हरसूलवाल्यांना तोच आधी आत सोडायचा.

एकदा मुंबईहून, आम्हाला मदत देणाऱ्या संस्थेतले एक साहेब पाहणीला आले. कडक इस्त्रीची पँट, हातात टॅब. बैठकीच्या खोलीत डोकावले तर बाया गवार मोडत बसलेल्या. आमचे प्रमुख त्यांच्या मागेच होते. ते काही सारवासारव करणार तोच बाई म्हणाल्या, "या, बसा. खुर्ची नको, खालीच बसा. शिरा नीट काढा, नाहीतर दातात अडकतात." साहेब बसले. आधी त्यांनी उपस्थिती विचारली, मग परिणाम कसा मोजता ते विचारलं, मग हळूहळू प्रश्न बंद झाले आणि ते नुसती गवार मोडत राहिले. बऱ्याच वेळाने मान वर न करता म्हणाले, "माझा मुलगा खोलीचं दार उघडत नाही. ताट दाराशी ठेवावं लागतं." समोर बसलेल्या, पाड्यावरच्या एका बाईने विचारलं, "केवढा हाय?" ते म्हणाले, "सतरा वर्षांचा." ती म्हणाली, "माझी बी तेवढीच हाय. ती बी बोलत नाय." आणि तिने आपल्या ढिगातली थोडी गवार त्यांच्याकडे सरकवली. निघताना बाईंनी त्यांना एवढंच सांगितलं की मुंबईत कोणाला तरी दाखवा, आणि तो येत नसेल तर आधी तुम्ही एकटे जा. साहेबांनी अहवालात आमच्याबद्दल काय लिहिलं ते मला माहीत नाही. मदत चालू राहिली.

पुरुषांना बैठकीत आणणं अवघड. येतात ते दाराशी उभे राहतात, चपला न काढता. नाशिक रोडला स्टेशनबाहेर रिक्षा लावणारे एक सोनवणे होते. बायको वारलेली, घरात तिसरं माणूस नाही, आणि दुसरीतला मुलगा रोज अंथरूण ओलं करायचा. सोनवणे त्याला मारायचे. पाठीवरचे वळ शाळेतल्या बाईंना दिसले आणि त्यांनी मुलाला आमच्याकडे पाठवलं. अशा वेळी कायद्याने जिथे कळवायचं असतं तिथे निकम बाईंनी कळवलं. त्यात त्यांनी कधी हयगय केली नाही. मग सोनवण्यांना बोलावून घेतलं. मला वाटलं, आता बाई यांना सोलून काढणार. मी अगदी वाट बघत होते. बाई म्हणाल्या, "हात कधी उठतो तुमचा? सकाळी, दुपारी, संध्याकाळी? बघा आणि पुढच्या गुरुवारी मला सांगा."

सोनवणे पुढच्या गुरुवारी आले. चपला काढून आत आले. "बाई, सकाळीच उठतो. ते अंथरूण बघितलं का डोक्यात सणक जाते. बाकी दिवसभर काय नाय." "मग सकाळी अंथरूण बघायचंच नाही," बाई म्हणाल्या. "उठलं की सरळ खाली जायचं आणि रिक्षा धुवायची. चादर पोरगा बादलीत टाकेल. तुम्ही वर याल तेव्हा दोघांनी चहा घ्यायचा." सोनवण्यांना हे फारच किरकोळ वाटलं. "एवढंच?" "एवढं जमवा. लय झालं." त्या वर्षी स्टेशनबाहेरच्या रांगेत सोनवण्यांच्या रिक्षेइतकी चकचकीत रिक्षा नव्हती. हात मधे पुन्हा उठला, नाही असं नाही. पण तो उठला हे सोनवणे स्वतः येऊन सांगायचे. डॉक्टरांचे उपचार चालू होते, मुलाचं अंथरूण कोरडं राहायला लागलं, आणि मारही थांबला.

बाईंची एक गोष्ट मात्र मला खटकायची. त्या मुलांना जवळ घ्यायच्या नाहीत. मुलं त्यांच्याकडे ओढ घ्यायची, पळत येऊन गुडघ्याला मिठी मारायची. बाई डोक्यावर हात ठेवायच्या आणि मुलाला हलकेच वळवून त्याच्या आईकडे किंवा आजीकडे लावून द्यायच्या. कडेवर घेणं नाही, मांडीवर घेणं नाही, खाऊ देणं तर नाहीच. खाऊ आईच्या हातात द्यायच्या, तिने मुलाला द्यायचा. एकदा मी म्हटलं, "दगड आहात का हो तुम्ही?" त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "माझ्याकडे ते गुरुवारी येतं. बाकीचे दिवस कोणाच्या मांडीवर बसेल? ती मांडी आधी तयार करायची." मला हे पटलं, पण आवडलं नाही.

महिन्यातून एकदा आम्ही दोघी हरसूलला जायचो. नाशकातल्या सीबीएस स्टँडवरून गाडी पकडायची. त्र्यंबकला भाविक उतरले की अर्धी गाडी रिकामी व्हायची आणि बाई लगेच खिडकी पटकवायच्या. त्यांचा डावा गुडघा कामातून गेला होता. पाड्यावर गेल्या की तरी जमिनीवरच बसायच्या, आणि उठताना मला दोन्ही हात धरून ओढावं लागायचं. "जोर लाव, लाजू नको," म्हणायच्या.

तिकडे भात कापून, झोडून झालं की माणसं द्राक्षबागांच्या कामाला बाहेर पडतात. दिंडोरीकडे, पिंपळगावकडे. लहान मुलं आजीआजोबांजवळ राहतात. आणि निघण्याची एक रीत आहे. गाडी पहाटे येते, पाड्याबाहेर थांबते, हॉर्न वाजवत नाही. मुलं झोपलेली असताना आईबाप निघून जातात. निघताना कोणी रडलं तर वाटेत विघ्न येतं, असं म्हातारी माणसं मानतात. आणि रडणारं लेकरू मागे सोडून पाय उचलत नाही, हे तर आहेच. यात कोणाचा दुष्टावा नाही. जीव आहे म्हणूनच असं चोरून जातात.

बाईंना हे कळलं ते असंच एका बैठकीत, वाल सोलता सोलता. त्यांनी विचारलं, "मग उठल्यावर पोर काय करतं?" एक आई म्हणाली, "सासू सांगती, चुलीपाशी बघतं. मंग मागल्या दारी बघतं." दुसरी म्हणाली, "दोन दिस दारात बसून राहतं. मंग इसरतं." बाई म्हणाल्या, "इसरत नाही गं. विचारायचं सोडतं."

त्या दिवसापासून बाईंनी एकच धरलं. सांगून जा. पोर जागं असताना, त्याच्या तोंडाकडे बघून सांगा आणि मग जा. केंद्रातल्या कार्यक्रमात बाकी पुष्कळ गोष्टी होत्या, मुलांशी खेळणं, राग आवरणं, शाळेशी बोलणं. हरसूलला मात्र बाई फिरून फिरून इथेच यायच्या. मी एकदा विचारलं, "बाई, तुमच्या लहानपणी असं काही झालं होतं का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता अहिराणी ऐकायला मिळणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळ्याचं मूळ आपल्याच घरात खणायचं असतं का गं?" मी पुन्हा विचारलं नाही, आणि मला ते आजही माहीत नाही.

पहिल्या वर्षी त्यांच्या हातून एक चूक झाली. त्या आयांना म्हणाल्या होत्या, कधी येणार तेही सांगा, म्हणजे पोराला धीर राहतो. नामदेव नावाचा एक मुलगा होता, पहिलीतला. त्याच्या बापाने त्याला सांगितलं, "होळीला येऊ." होळीला सगळेच परत येतात, त्यात वावगं काही नव्हतं. पण त्या वर्षी माल उशिरा तयार झाला आणि मुकादमाने नवराबायकोच्या काही जोड्यांना सोडलं नाही. होळीच्या दिवशी नामदेव सकाळपासून फाट्यावर जाऊन बसला. गाड्या आल्या, इतरांचे आईबाप उतरले. आजोबा ओढायला लागले तरी तो हलला नाही. नंतर आईबाप आले, तर तो बापाच्या समोर यायला तयार नाही, आईने दिलेलं खायला तयार नाही.

आम्ही गेलो तेव्हा तो घरामागे बसला होता. बाई त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसल्या आणि म्हणाल्या, "नामदेव, होळीला येतो असं तुझ्या बाबाला मी सांगायला लावलं होतं. चूक माझी आहे. बाबाची नाही." त्याने हाताशी होता तो दगड उचलून मारला. बाईंच्या नडगीवर बसला. मी धावले. बाई म्हणाल्या, "राहू दे. बरोबर आहे त्याचं." परतीच्या गाडीत खिडकी रिकामी होती तरी त्या आतल्या बाजूला बसल्या. पुढच्या बैठकीत त्यांनी सगळ्या आयांसमोर ही चूक सांगितली. म्हणाल्या, "कधी येणार ते आपल्या हातात नाही. ते सांगू नका. जाताय हे सांगा, आणि मागे कोण सांभाळणार ते सांगा."

आता रोशनीचं सांगते. सहा वर्षांची पोर. तिचे आईबाप, तारा आणि लक्ष्मण, आदल्या वर्षी असेच पहाटे निघून गेले होते. ती तेव्हापासून झोपेना. डोळा लागला की दचकून उठायची आणि शेजारी चाचपायची. आई परत आल्यावर सुटेल असं घरच्यांना वाटलं, तर ते आणखी वाढलं. आईचा पदर मुठीला गुंडाळून रात्रभर टक्क जागी बसायची, आणि दिवसा शाळेत चक्कर येऊन पडायची. भगत झाला, सरकारी दवाखाना झाला, शेवटी आमच्याकडे आली. आजी म्हणाली, "पोर झोपत नाय बाई. झोपेलाच भेती." डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि बाईंना म्हणाले, "औषधाने झोप येईल, भीती जाणार नाही. पुन्हा तशीच सोडून गेले तर ही मुलगी मोडेल." आणि भात निघाला की हंगाम तर पुन्हा येणारच होता. सोबत न्यावं, तर बागेतल्या फवारणीने तिला दम लागायचा, एकदा जिवावर बेतलं होतं. न जावं, तर पावसाळ्यापर्यंत खायचं काय. ताराचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

बाई सहा महिने तारा आणि आजी या दोघींशी बसल्या. आजीशी जास्त. आजी आणि रोशनी, त्या दोघींनी रात्री एकत्र निजायचं, आईने थोडं लांब. आधी एक हात लांब, मग भिंतीपलीकडे. आजी कुरकुर करायची, "माझं हाड दुखतं, पोर लाथा मारती." बाई म्हणायच्या, "मारू द्या." रोशनी आजीपाशी घटकाभर डुलक्या घ्यायला लागली. त्याच्यापुढे गाडी जाईना.

त्याच सुमारास एका सोमवारी आमच्या साप्ताहिक बैठकीत, कोथिंबीर निवडता निवडता बाई म्हणाल्या, "माझ्या पोटात गाठ निघालीये. चांगली नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे, नंतर मी येईन असं वाटत नाही. हरसूल आता ही बघेल." आणि कोथिंबिरीच्या काडीने माझ्याकडे खूण केली. मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. बैठक संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "असं सांगतात का हो? भाजी निवडताना?" बाई म्हणाल्या, "मग कसं सांगायचं? पहाटे निघून जाऊ?" आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. मी त्यांच्यामागे पिशवी घेऊन उतरले. मला त्यांचा फार राग येत होता आणि त्यांना सोडवतही नव्हतं.

ऑपरेशननंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. त्या दिवसांत त्यांनी कोणाला भेटायला येऊ दिलं नाही. त्यामुळे माझ्याजवळ त्यांचं शेवटचं दिसणं आहे ते ऑपरेशनच्या आधीचं, हरसूलच्या बाजारातलं. त्यानंतर त्या केंद्रात आल्याच नाहीत.

ताराची गाडी पहाटे पाड्यावरून न निघता दुपारी बाजारातून निघावी, हा हट्ट बाईंचा. मुकादम ऐकत नव्हता. "बाई, दिवसा गाडी भरली का पोरं रडतात, बाया उतरून जातात. माझे लोक कमी पडतात." तो खोटं बोलत नव्हता. शेवटी बाजाराला त्याला यायचंच होतं म्हणून तो तयार झाला. सकाळी बाईंनी पाड्यावर बैठक घेतली आणि तिथेही, आम्हाला सांगितलं तसंच सगळ्यांना सांगितलं. मी आजारी आहे, पुन्हा येणार नाही, या मॅडम येतील. आज्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. मग आम्ही रोशनीच्या घरच्यांबरोबर बाजारात आलो.

सुक्या मासळीच्या दुकानांपाशी पिकअप उभी होती. लक्ष्मणने गाठोडी चढवली. तारा रोशनीसमोर उकिडवी बसली. तिने सांगितलं. "रोशे, मी कामाला चालले. आता चालले. तू झोपल्यावर नाय, आता. बाबा बी चालला. तू आजीपाशी राहायचं. आजी जेवाय देईल, रातचं आजीपाशी निजायचं."

रोशनीने आधी ऐकून घेतलं. मग तिने नेहमीसारखा पदर मुठीला गुंडाळला. ताराने एकेक बोट सोडवलं. तेव्हा त्या पोरीने जो आवाज काढला तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. बाजार थांबला. माणसं जमली. आजी बाईंवर उसळली, "रडारडीत माणसं पाठवता व्हय बाई? काही वाईट झालं तर कोण बघंल?" मुकादम घड्याळ बघायला लागला. ताराचा एक पाय गाडीवर होता, तो तसाच राहिला. तिने वळून निकम बाईंकडे बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाई, उतरवा तिला, पुरे झालं. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्या म्हणाल्या, "तारा, थांबायचं तर थांब, जायचं तर जा. तुझं तू ठरव. पण गेलीस तर तिच्याकडे बघत जा."

तारा चढली. मागे तोंड करून बसली. तिने पदर तोंडावर घेतला नाही. गाडी वळेपर्यंत ती पोरीकडे बघत होती आणि तिचे डोळे वाहत होते.

रोशनी गाडीमागे धावली, पडली. आजीने तिला उचलून आणली आणि रागाने बाईंच्या पुढ्यात धरली. "घ्या. तुम्हीच सांभाळा आता." बाईंनी हात पुढे केले नाहीत. म्हणाल्या, "आजी, तिला तुमच्यापाशी राहायचंय. माझं तुम्हाला सकाळीच सांगितलंय." आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मग होती तिथेच मातीत खाली बसली आणि पोरीला मांडीत घेतलं. रोशनी तिला बुक्क्या मारत होती, चावत होती. आजी मार खात होती. कोणी केळं पुढे केलं, कोणी फुगा आणला, बाईंनी सगळ्यांना लांब केलं. "रडू द्या तिले," एवढंच म्हणाल्या.

रडून रडून तिचा आवाज बसला. हुंदके राहिले. मग घोगऱ्या आवाजात तिने आजीला विचारलं, "मी निजले तर तू बी जाशील?"

आजीने बाईंकडे बघितलं. बाई पोरीकडेच बघत होत्या. आजी म्हणाली, "नाय. मी कुठं जाते. मला चालाय तरी येतं का? आन जायचं झालं तर तुला उठवीन. आईनं सांगितलं ना तुला, तसं सांगीन."

पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पापण्या मिटायच्या, ती जोर करून उघडायची, पुन्हा मिटायच्या. आणि त्या भर बाजारात, आरडाओरड्यात, मासळीच्या वासात ती झोपली. तोंड उघडं टाकून, हात सैल सोडून. पुढेही तिला झोपेसाठी बरेच दिवस झगडावं लागलं, औषधही चालू राहिलं, हे मला सांगायला हवं. पण त्या दुपारी ती झोपली.

दुपारचं ऊन तिच्या तोंडावर येत होतं. आजीला हलता येईना. बाई उन्हाकडे पाठ करून उभ्या राहिल्या, त्यांची सावली पोरीच्या तोंडावर पडली. ऊन सरकलं की त्याही थोड्या सरकायच्या. तो गुडघा, त्यात पोटातलं दुखणं, आणि आमची गाडी येऊन लागलेली. दुसऱ्या दिवशी गुरुवार, एका तरी माणसाने नाशकात पोचणं भाग होतं. मी त्यांच्याजवळ गेले आणि दबक्या आवाजात भांडले. म्हटलं, "मी उभी राहते, तुम्ही चला. तुम्हाला आता उभं राहवत नाहीये." कंडक्टरने घंटी दिली. बाई हलल्या नाहीत.

"निजलीये गं ती," त्या म्हणाल्या. "अशी कशी निघू? उठली की सांगते आणि येते. तू हो पुढे."